बारावा सापळा

१

मंगळवार हा लुसुंगु न्यिरोंगोच्या आठवड्यातला सणाचा दिवस होता. सकाळी सहाला ती दारामागच्या खिळ्यावरचे खाकी जाकीट अंगात चढवी, बारा कप्प्यांचा लाकडी डबा खांद्याला अडकवी आणि जिच्या अंगणात ती खोली घेऊन राहत होती त्या अमायी फालेसीच्या मक्यात शिरे. त्या मक्यात लष्करी अळीच्या पतंगांसाठी लावलेले अकरा कामगंध सापळे होते. प्रत्येक सापळा म्हणजे काठीला बांधलेले पुठ्ठ्याचे एक तीनकोनी खोपटे. तळाशी चिकट पत्रक, आणि छताला आतून टांगलेली रबराची बोटाच्या पेराएवढी गोळी.

कामाचा क्रम ठरलेला होता. पत्रक काढायचे, त्यावर पारदर्शक कागद चढवायचा आणि मागे काढल्याची तारीख घालायची. नवे पत्रक सरकवायचे. त्यावर आधी सापळ्याचा क्रमांक, मग लावल्याची तारीख. मका आठवड्यात जितका वाढला असेल तितके खोपटे काठीवर वर चढवायचे. मग खोलीत येऊन, टेबलाशी बसून, भिंगाखाली एकेक पतंग मोजायचा.

हे काम कोणाला कंटाळवाणे वाटले असते. लुसुंगु मात्र सोमवारी रात्रीच डबा पुसून तयार ठेवी. पतंग उतरले हे ते उतरण्याआधी आठवडाभर कळले, तर पानाखालची अंडी चिरडायला वेळ मिळतो. नंतर कळले तर अळ्या पोंग्यात शिरलेल्या असतात आणि मग काही हाती राहत नाही. दोन वर्षांपूर्वी फालेसीच्या शेताने चौदाच पोती दिली होती. खाणारी तोंडे सात. पुढच्या फेब्रुवारीत त्या घरी दिवसातून एकदाच मक्याच्या पिठाचा न्सिमा शिजत होता. यंदा तसे होऊ नये, आणि ते आपल्या अभ्यासामुळे टळावे, एवढेच लुसुंगुला हवे होते. तिचा प्रबंधही त्यावरच उभा होता.

सापळे खरे तर बारा असायचे. नकाशावर जागा चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या होत्या आणि बारावी जागा शेताच्या टोकाच्या कबरींच्या राईत पडली होती. डिसेंबरात ती बारावे खोपटे घेऊन राईच्या कडेला गेली, गोळीची पुडी कात्रीने कापली, आणि तेवढ्यात कबरी खणणाऱ्यांचा म्होरक्या, म्हातारा बिझिवेकी, फालेसीबरोबर येऊन उभा राहिला.

"तिथं काय लावायचं ते आम्हीच लावतो, पोरी," तो म्हणाला. "आणि लावलेलं पुन्हा काढत नाही."

"आगोगो, ती शिकलेली आहे," फालेसी हसत म्हणाली. "त्यात उत्तरेकडची. तुमचे विनोद तिला उद्या कळतील."

म्हाताऱ्याने गोळीकडे बोट दाखवले. "यात काय आहे?"

"मादीचा वास," लुसुंगु म्हणाली.

"आणि मादी?"

"मादी नाही. नुसता वास. नराला वाटतं मादी आहे, म्हणून तो येतो."

"म्हणजे नसलेल्या बाईच्या नावानं हाक मारायची." त्याला ते आवडलेले दिसले. "पण येईल तो पतंगच असेल, हे कशावरून?"

"दुसऱ्या कुणाला हा वास येतच नाही, आगोगो."

"तुला येतो?"

"नाही."

"मग कुणाला येतो ते तुला काय कळणार?"

फालेसी पोट धरून हसली. लुसुंगुही हसली. जाताना म्हाताऱ्याने मान वळवून सांगितले, "आणि या टोकाला कुणी हाक मारली, तर आधी तोंड बघायचं, मग ओ द्यायची. आमची शेंबडी पोरंसुद्धा पाळतात."

कापलेली पुडी परत बंद करता येत नाही. लुसुंगुने गोळी जाकिटाच्या उजव्या खिशात टाकली, नंतर फेकू म्हणून. बारावी जागा सरकवणे तिच्या शिस्तीत बसत नव्हते. म्हणून नोंदवहीत बाराव्या ओळीत ती दर आठवड्याला नीट अक्षरात लिही : लावला नाही.

२

एकवीस जानेवारीला मका कमरेला लागला होता. अकराही पत्रके जवळपास कोरी होती. कुठे एक पतंग, कुठे दोन, सातव्यावर एकही नाही. खोलीत येऊन तिने डबा टेबलावर उघडला आणि कप्प्यांतून पत्रके ओळीने मांडली.

ती बारा भरली.

तिने पुन्हा मोजली. मग मोजणे सोडून क्रमांक वाचले. शेवटच्या पत्रकावर बारा हा आकडा होता, आणि तो तिच्याच हातचा होता. एकच्या डोक्यावरच्या बारीक तिरक्या फटकाऱ्यावरून शाळेपासून तिचे अक्षर ओळखू येई. लावल्याची तारीख : एकवीस जानेवारी. तिने पत्रक उलटले. काढल्याची तारीख : अठ्ठावीस जानेवारी.

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत अठ्ठावीसला अजून सात दिवस होते.

पत्र्याच्या छपरावर आंब्याचे पिकले पान घासत होते. दूर गिरणीचा पट्टा धडधडत होता. लुसुंगुने पत्रक खिडकीशी धरले. त्यावर त्रेचाळीस नर होते, पंखांच्या टोकाला पांढरा ठिपका असलेले, बिनचूक लष्करी अळीचे. खालच्या डाव्या चौकटीत एक ढालकिडा उलटा, पाय वर करून चिकटलेला. वरच्या कडेला मक्याच्या पानाचा लांबट तुकडा, टोक दुमडलेला.

तिने कारणे लिहून काढली. तशी तिला सवयच होती. एक : रात्री पत्रकांवर क्रमांक घालताना झोपेत एक जास्त लिहिले गेले. दोन : तारीख चुकली. तीन : पत्रक जुन्या गठ्ठ्यातले आहे. तिसरे कारण तिने लगेच खोडले, कारण गठ्ठे तिने स्वतः मोजून आणले होते. पहिली दोन ठेवली. पत्रक वेगळ्या पाकिटात घालून वर लिहिले : दूषित, गणनेत धरू नये.

लिहून झाले तरी तिने पाकीट हातातून सोडले नाही. भीतीने नव्हे. लहानपणी सरोवरात गळ टाकून बसल्यावर दोरी पहिल्यांदा ओढली जाते, तसे काहीतरी होते ते.

३

अठ्ठावीसला अकराव्या सापळ्याचे पत्रक तिने ओढून काढले आणि ती तिथेच मातीत बसली.

अकरावा सापळा राईच्या सर्वांत जवळचा. त्याच्या पत्रकावर पतंग दाटले होते. खालच्या डाव्या चौकटीत एक ढालकिडा उलटा, पाय वर. वरच्या कडेला मक्याच्या पानाचा तुकडा, टोक दुमडलेला.

तिने तिथेच मोजले. त्रेचाळीस.

खोलीत येऊन दोन्ही पत्रके तिने शेजारी ठेवली. पतंगांच्या जागा चौकटीला चौकट जुळत होत्या. ज्याचा पंख तिकडे मोडला होता, त्याचा इकडेही मोडला होता. आणि डब्यात आज पुन्हा बारा पत्रके होती. बाराव्यावर लावल्याची तारीख आजची, काढल्याची चार फेब्रुवारी. पतंग एकशे सात.

एकशे सात! तिने दोन्ही हात तोंडावर दाबले. अशी संख्या तिने फक्त छापील अहवालांत वाचली होती. तर्क सांगत होता की दोन पत्रके जुळतात एवढ्यावर काहीही सिद्ध होत नाही; एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढणाऱ्याला तिच्या विभागात हसत. पण तर्क सांगत असताना तिचे पाय चप्पल शोधत होते.

फालेसी अंगणात उखळाशी होती. उजव्या हाताची तर्जनी गिरणीच्या पट्ट्यात गेल्यापासून ती मुसळ चार बोटांनीच धरी आणि तरी गावात तिच्याइतके बारीक पीठ कोणाचे नसे.

"अमायी, बायका गोळा करा. याच आठवड्यात पतंग उतरणार आहेत. खूप. परवापासून रोज पानं उलटून अंडी चिरडायची, आणि पोंग्यात राख घालायची."

"कोण म्हणालं?"

"सापळे."

फालेसीने मुसळ टेकवले. "गेल्या आठवड्यात सापळे म्हणत होते एक नाही तर दोन. आज एकदम उतरणार? तुझे सापळे फोनवर बोलतात की काय?"

"खोटं ठरलं तर तुमची महिनाभर भांडी घासीन."

"तू घासलेली भांडी मी पाहिलीत. त्यापेक्षा अळी बरी." पण ती उठली होती. पदर खोचावा तसा तिने कमरेला गुंडाळलेला कापडाचा चितेंजे आवळला, पिवळ्या जमिनीवर हिरवे बगळे असलेला, तिच्या मेलेल्या बहिणीने स्वतः रंगवलेला. तसा दुसरा गावात नव्हता. "ए नासोको! ए पोरींनो! या, डॉक्टरीणबाईंना स्वप्न पडलंय!"

त्या आठवड्यात वीस बायका वाकून ओळींतून सरकत होत्या. गुरुवारी पहिली अंडी सापडली, फिकट, लोकरीसारखी लव असलेली. शुक्रवारी त्यांची बोटे हिरवी झाली. कोणीतरी गाणे रचले, त्यात उत्तरेकडच्या मुलीची थट्टा होती आणि तिच्या लग्नाची चौकशी. लुसुंगु सगळ्यांत मोठ्याने गात होती.

४

चार फेब्रुवारीला अकराव्या पत्रकावर एकशे सात पतंग होते. तिने ते मोजले खरे, पण पहिल्याच नजरेत तिला ते ओळखीच्या माणसासारखे दिसले होते.

शेजारच्या गावी मका चाळणीसारखा झाला. फालेसीचा उभा राहिला. बिझिवेकी येऊन बांधावरून बघून गेला. फालेसीने त्या दिवशी कोंबडी कापली आणि थोब्वाचे, मक्याच्या आंबूस पेयाचे, मडके लुसुंगुच्या दारात ठेवले.

"पुढच्या फेब्रुवारीत आम्ही दोनदा जेवणार," ती म्हणाली. मग डोळे पुसून, "आता रडवू नकोस. पी. नाहीतर म्हणशील, यांच्या भागात पाहुण्याला उपाशी ठेवतात."

मार्गदर्शक डॉक्टर म्सिस्कांचा फोन आला. अंदाज कसा बांधलास, पद्धत लिहून पाठव, देशपातळीवरच्या बैठकीत मांडू, असे ते म्हणाले. लुसुंगुने अडखळत सांगितले की एक जास्तीचे पत्रक सापडते आहे. तारखांचे तिने सांगितले नाही. त्यांनी विचारले,

"एखादी वासाची गोळी उघडी राहिली आहे का कुठे? खोलीत?"

तिचा हात आपोआप दाराकडे गेला. जाकीट खिळ्यावर होते. उजव्या खिशात गोळी होती, डिसेंबरपासूनची. तिने तसे सांगितले.

"बघ," ते समाधानाने म्हणाले. "जाकीट डब्याशेजारी टांगतेस ना? कोरं पत्रक चुकून डब्यात पडतं, पतंग खिडकीतून येऊन त्यावर बसतात. संपलं. गोळी पुरून टाक आणि नीट झोप."

फोन ठेवल्यावर लुसुंगुला हायसे वाटले. कारण सरळ होते, स्वच्छ होते, आणि तिच्या चुकीचे होते. अशी कारणे तिला नेहमीच विश्वासार्ह वाटत. ते फक्त तारखांना लागू पडत नव्हते. ढालकिड्याला लागू पडत नव्हते. त्या दिवशीच्या बाराव्या पत्रकावर अकरा फेब्रुवारी ही तारीख आणि अठ्ठ्याण्णव पतंग होते, आणि त्यालाही लागू पडत नव्हते.

ती गोळी हातात घेऊन दारापर्यंत गेली. पुरून टाकायला पाच मिनिटे पुरली असती. पण गोळी गेली, आणि बारावे पत्रकही गेले तर? तिने गोळी नाकाशी धरली. काहीच वास आला नाही. मग ती परत खिशात ठेवली.

अकरा फेब्रुवारीला डबा उघडताना तिचे हात इतके अधीर झाले होते की झाकण निसटून खाली पडले. अकराव्या पत्रकावर अठ्ठ्याण्णव पतंग होते, जसे असायला हवे होते. तिने बारावे उचलले. काढल्याची तारीख, अठरा फेब्रुवारी.

त्यावर पतंग फक्त सहा होते. मधोमध हाताचा ठसा होता.

तळव्याची कड, आणि तीन बोटे : मधले, अनामिका, करंगळी. तर्जनीच्या जागी डिंक गुळगुळीत होता. अंगठ्याचाही ठसा नव्हता; ते तिने पाहिले, मनावर घेतले नाही. कडेला पिवळ्या कापडाचा दोऱ्यांचा झुपका अडकला होता. भिंगाखाली त्यात हिरवा रंग दिसत होता, बगळ्याच्या चोचीएवढा.

अंगणातून मुसळाचा आवाज येत होता. एक, दोन, एक, दोन. चार बोटांनी धरलेल्या मुसळाचा.

५

तो आठवडा तिने फालेसीच्या मागे सावलीसारखा काढला.

पत्रकावर हात पडला म्हणजे माणूस मरतो, असे कुठे लिहिलेले नव्हते. हे ती स्वतःला दिवसातून दहादा सांगे. पण बाराव्या पत्रकावर आतापर्यंत जे जे आले होते, ते सगळे चिकटलेले आणि मेलेले होते. हेही तितक्याच वेळा आठवे. आणि लाज वाटावी अशी गोष्ट ही की भीतीच्या खाली तीच जुनी धडधड चालू होती. मंगळवार कधी येतो, असे तिला झाले होते.

"अमायी, मंगळवारी तुम्ही म्पोनेलाच्या बाजाराला जा," ती म्हणाली. "मीठ संपलंय. आणि मला सुक्या मासोळ्या हव्यात."

"मंगळवारी? बाजार गुरुवारचा."

"मंगळवारी गर्दी नसते."

"गर्दी नसते कारण बाजार नसतो." फालेसीने तिला निरखले. "काय गं, कुणी मुलगा येतोय का मंगळवारी? तसं सांग. म्हातारीला घालवायला मासोळ्या कशाला हव्यात?"

"हो," लुसुंगु म्हणाली. "येतोय."

फालेसीने आनंदाने टाळी वाजवली. "मग मी पाचची मिनीबस धरीन. आधी आले तर तुझी बहीण नव्हे!"

मंगळवारी पहाटे पावसाची भुरभुर होती. निघताना फालेसीने स्वतःच्या कमरेचा बगळ्यांचा चितेंजे सोडून लुसुंगुच्या कमरेला गुंडाळला आणि स्वतः जुना निळा नेसली. "भिजशील. आणि छान दिसतेस. मुलगा उत्तरेकडचा असला तरी त्याला डोळे असतीलच." मिनीबसने फाट्यावर नेहमीसारखा दोनदा भोंगा वाजवला आणि ती गेली.

लुसुंगु तो भोंगा ऐकत अंगणात उभी राहिली. फालेसी गेली. फालेसी दहा मैलांवर असेल. मग तिने डबा उचलला.

मका आता डोक्यावर गेला होता. तुरे फुटले होते. ओळीत शिरले की आकाशाची एक पट्टी तेवढी उरे. पाने एकमेकांवर घासून कोरडा, खरखरीत आवाज करत, आणि ती थांबली की तो आवाजही एक पाऊल पुढे जाऊन मग थांबे. वारा असेल, ती म्हणाली. एकापासून दहापर्यंतची पत्रके तिने बदलली. तुरळक पतंग होते.

अकराव्यापाशी ती पोचली तेव्हा पावणेदहा झाले होते. पलीकडे राई होती, गर्द आणि ओली. तिने खोपट्यातून पत्रक ओढले.

सहा पतंग. ठसा नव्हता.

तिला इतका आनंद झाला की ती मोठ्याने हसली. चुकले! बारावे पत्रक चुकले होते, ठसा कोणाचाच पडला नव्हता, आणि फालेसी बाजारात बसून मासोळ्यांवरून भांडत असेल. आता ती गोळी इथेच टाकून द्यायची, आणि संपले. पत्रक डाव्या तळहातावर धरून तिने उजव्या हाताने खिशातली गोळी काढली. चिमटीत, अंगठा आणि तर्जनी यांच्यात.

"लुसुंगु! ये गं, हात दे जरा!"

हाक राईच्या कडेवरून आली. शेवटी थोडा खोकला, नेहमीसारखा. फालेसी.

"आले, अमायी!" लुसुंगु म्हणाली, आणि वळताना तिचा पाय ढेकळावर घसरला. तोल सावरायला तिने उजवा हात टेकला. तो पत्रकावर पडला. चितेंजेची कड खोपट्याच्या तारेत अडकून टर्रकन फाटली.

पाने हलायची थांबली.

तिने हात उचलला. डिंक सोडताना कातडी ओढली गेली. पत्रकावर तळव्याची कड आणि तीन बोटे उमटली होती. चिमटीत गोळी धरलेल्या हाताची : अंगठ्याशिवाय, तर्जनीशिवाय. कडेला पिवळ्या दोऱ्यांचा झुपका होता.

बाजारात गेलेली बाई राईतून हाक मारणार नाही, हे तिला तेव्हा सुचले. तोंड आधी बघायचे होते, हेही. चिमूट तिने उघडून पाहिली. गोळी नव्हती. मातीत शोधायला ती वाकली नाही.

ओळीतून परत येताना ती पळाली नाही. पळाली असती तर मागचा आवाज किती पावलांवर थांबतो ते तिला नीट कळले असते.

६

डब्यात अकरा पत्रके होती.

तिने कप्पा कप्पा पाहिला, जाकीट झटकले, टेबलाखाली वाकून पाहिले. बारावे नव्हते. पंचवीस फेब्रुवारीचे काहीच नव्हते. ते यापुढे येणार नाही हे कळल्यावर तिला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. तिला अंधार पडताना दिवा न सापडल्यासारखे वाटले.

उजवा तळवा तिने राखेने घासला, तेलाने घासला, रॉकेलने घासला. सापळ्याचा डिंक रॉकेलने निघतो. हा निघत नव्हता. तळव्यावर पतंगांच्या पंखांची राखाडी पूड चमकत होती.

साडेपाचला थोडा अवकाश होता. तिरपे ऊन दारावर पडले होते. तिने नोंदवही उघडली आणि अकरा ओळी भरल्या. बाराव्या ओळीशी पेन थांबले. लावला नाही, असे आता लिहिता येईना. तिने पहिल्यांदाच ती ओळ कोरी सोडली.

"लुसुंगु! ये गं, हात दे जरा!"

दाराबाहेर. शेवटी थोडा खोकला. ओझे डोक्यावर असल्यासारखा दमलेला आवाज. तोच चढ, तोच उतार, शब्दांमधली तीच जागा जिथे श्वास घेतला जातो. सकाळचा शब्द संध्याकाळच्या शब्दावर चौकटीला चौकट बसला.

तोंड आधी. तिने खुर्ची न वाजवता सरकवली आणि दाराच्या फटीला डोळा लावला.

बाहेर एक बाई दाराला अगदी लागून उभी होती, त्यामुळे कमरेपासून खांद्यापर्यंतच दिसत होती. कमरेला पिवळा चितेंजे होता, हिरव्या बगळ्यांचा, आणि त्याची एक कड फाटून लोंबत होती. लुसुंगुने स्वतःच्या कमरेशी चाचपले. तिच्या चितेंजेची कड तिथेच, तशीच फाटलेली होती.

बाईच्या खांद्यांवर आणि दंडांवर पतंग बसले होते. शेकडो, भर उजेडात, डोकी आत करून. एकही पंख हलवत नव्हता. ते बसलेले नव्हते, चिकटलेले होते.

तेवढ्यात फाट्यावर मिनीबसचा भोंगा वाजला. दोनदा.

लुसुंगुचे डोळे भरून आले. फालेसी उतरली होती. खरी फालेसी, जुन्या निळ्या चितेंजेत, मासोळ्या घेऊन, न आलेल्या मुलाची थट्टा मनात घोळवत निघाली होती. फाट्यापासून अंगण दहा मिनिटांवर. दहा मिनिटांनी ती या दाराशी येईल, आणि दाराशी हे असेल.

"लुसुंगु, ये गं."

उघडायला हवे होते, फालेसी पोचायच्या आत. हे खोलीत घ्यायला हवे होते, किंवा याच्याबरोबर जायला हवे होते, म्हणजे अंगण मोकळे होईल. एवढा विचार तिने अगदी स्वच्छ केला आणि त्यात तिला दोष सापडला नाही. आणि त्या विचाराच्या खाली, मंगळवारची ती धडधड, इतकी जोरात की कानात ऐकू येत होती. सगळे दिसले होते. तोंड तेवढे दिसायचे राहिले होते.

"आले, अमायी," ती म्हणाली. सकाळी एकदा म्हटलेच होते.

तिने उजवा हात कडीवर ठेवला आणि क्षणभर थांबली. मग फालेसीची आणखी एकदा आठवण होऊन, दुसरा काही मार्ग असेल का हे नीट पाहावे म्हणून, तिने हात मागे घेतला.

तो निघाला नाही.

पलीकडून कोणीतरी कडी हळूच वर उचलू लागले.